चित्रपटाचा धनी कोण?

फ्रेंच चित्रपट संथ असतो, त्यातली माणसे कॉफीच्या पेल्यावर प्रेमाची आणि मरणाची चर्चा करीत बसतात आणि शेवट झाला तरी काही निष्पन्न होत नाही. याउलट हॉलिवूडचा चित्रपट वेगवान, घट्ट बांधणीचा आणि प्रेक्षकाच्या पदरात समाधानाचे पुरेपूर माप टाकणारा असतो, हा समज आपल्याकडील रसिकांत इतका रूढ आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वास्तविक ज्या फ्रेंचांना आपण जन्मजात चिंतक समजतो, त्यांनीच लुई द फ्युनेस आणि बूरविल या विनोदी नटांच्या, १९६६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ला ग्रांद व्हाद्रूय’ या धमाल प्रहसनाची दीड कोटीहून अधिक तिकिटे विकत घेतली. दोन्ही देशांच्या चित्रपटांत अंतर आहे, हे निर्विवाद; परंतु त्याचे मूळ राष्ट्रीय स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्याच्या कलमांत आणि खजिन्याच्या व्यवहारात शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे माझे मत आहे.

उदाहरणार्थ, १९४२ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स दुसऱ्या कामगिरीवर ब्राझीलमध्ये असताना त्याच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ची चाळीस मिनिटांहून अधिक लांबी आरकेओ कंपनीने कापून टाकली आणि त्याच्या विषण्ण शेवटाच्या जागी एक गोड शेवट चित्रित करून जोडला. उदास शेवट अमेरिकन प्रतिभेला सुचत नव्हता, असे कोण म्हणेल? सुचलेला शेवट राखण्याची मुखत्यारी दिग्दर्शकाकडे नव्हती, एवढेच. याच्या शेजारी फ्रान्स्वा त्रूफोचा १९५९ चा, आपल्याकडे ‘फोर हंड्रेड ब्लोज’ या नावाने परिचित असलेला चित्रपट ठेवून पाहावा: सुधारगृहातून पळालेला मुलगा धावत समुद्रापर्यंत येतो, आपल्याकडे वळतो, चित्र गोठते, आणि पुढे त्याचे काय झाले हे सांगण्याचे बंधन दिग्दर्शकावर कोणी घालत नाही.

या स्वातंत्र्याला फ्रान्समध्ये कायद्याचा भक्कम आधार आहे. तेथील १९५७ च्या कायद्याने चित्रपटाचे कर्तेपण दिग्दर्शक, लेखक आणि संगीतकार यांच्याकडे दिले आणि दिग्दर्शक व निर्माता यांच्या संमतीनेच अंतिम प्रत सिद्ध होते, असे ठरविले. अमेरिकेत मात्र लेखक-दिग्दर्शकांचे काम करारान्वये कंपनीचे होते आणि कंपनीच कायद्याच्या दृष्टीने कर्ती ठरते. हे दोन विचार एका खटल्यात समोरासमोर आले. जॉन ह्यूस्टनने १९५० मध्ये कृष्णधवल चित्रित केलेला ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ हक्कदार कंपनीने रंगविला, एका फ्रेंच दूरचित्रवाहिनीने ती प्रत दाखविण्याचे योजिले, आणि दिवंगत ह्यूस्टनचे वारस व पटकथाकार बेन मॅडो यांनी फ्रान्समध्ये दावा लावला. अपील न्यायालयाने अमेरिकन कायदा प्रमाण मानून कंपनीला कौल दिला. परंतु २८ मे १९९१ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो निर्णय फिरविला आणि कर्त्याचा नैतिक अधिकार त्याच्या मायदेशी मानला जात नसला तरी फ्रान्समध्ये तो अबाधित आहे, असा दंडक घालून दिला. ह्यूस्टनला जे संरक्षण स्वदेशात नव्हते, ते मरणोत्तर परदेशात लाभले! ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक निर्माते स्वीकारतात आणि कान महोत्सवाचे पाम दोर दिग्दर्शकाच्या हाती पडते, यातही तोच भेद प्रतिबिंबित होतो.

नुसत्या हक्काने चित्रपट होत नाही. त्याला द्रव्य लागते. महायुद्धानंतर, १९४६ च्या करारान्वये, कर्जमाफीच्या मोबदल्यात फ्रान्सला आपली चित्रगृहे अमेरिकन चित्रपटांना मोकळी करावी लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे पुढे तिकिटांवरील विशेष कराचे उत्पन्न सोपविण्यात आले, आणि १९५९ पासून, आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना, केवळ संहिता पाहून आगाऊ रक्कम मंजूर करण्याची तरतूद झाली. हा कर तिकिटाच्या किमतीच्या १०.७२ टक्के असून तो अमेरिकन चित्रपटांच्या तिकिटांवरही वसूल होतो; म्हणजे हॉलिवूडच्या यशातलाच एक हिस्सा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या पोषणाला लागतो. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. प्रेक्षकाऐवजी समितीची मर्जी राखणारे निर्जीव चित्रपट तीतूनही निपजतात, आणि बाजाराच्या शिस्तीतून हिचकॉक व हॉक्स घडले, ज्यांची थोरवी त्रूफो आणि त्याच्या सहकारी समीक्षकांनीच जगाला पटवून दिली.

आपली स्थिती या दोन टोकांच्या मध्ये मोठी विलक्षण आहे. मराठी चित्रपटाला राज्य शासन अनुदान देते, ही रीत फ्रेंच वळणाची झाली. परंतु योगायोगाने १९५७ सालचाच आपला प्रताधिकार कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो, आणि ते वळण हॉलिवूडचे आहे. ज्या कृतीच्या गुणवत्तेसाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो, तिची अंतिम प्रत एकट्या गुंतवणूकदाराच्या हुकमाने ठरावी, हे विसंगत आहे. अनुदान घेणाऱ्या चित्रपटाची अंतिम प्रत दिग्दर्शक आणि निर्माता या दोघांच्या लेखी संमतीनेच सिद्ध व्हावी, एवढी एक अट शासनाने नियमांत घातली, तर खजिन्यावर एका पैशाचाही बोजा पडणार नाही. आणि अशा चित्रपटातल्या बऱ्यावाईटाचा जाब नेमका कोणाला विचारायचा, हेही मराठी प्रेक्षकाला निश्चित कळेल.