तीन पायऱ्या आणि सहा स्कूटर

मागच्या शनिवारी इथे न्यू जर्सीत दणकून बर्फ पडला. किराणा घेऊन परत आलो तर पार्किंग फुल्ल. तीन चकरा मारल्या, शेवटी पार कोपऱ्यात गाडी लावली आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घसरत घसरत घराकडे निघालो. आमच्या दारासमोरची जागा मात्र रिकामी! तिथे निळी पाटी आहे. तळमजल्यावर व्हीलचेअरवर असणाऱ्या एक आजी राहतात, त्यांच्यासाठी राखीव.

खरं सांगतो, मनात आलं की हे जरा जास्तच लाड झाले. पार्सल आणायला ऑफिसात गेलो तेव्हा तिथल्या बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, "लाड नाहीत, कायदा आहे."

मग काय, बाहेर बर्फ आणि हातात रविवार. बसलो वाचत. (डॉक्युमेंटेशन वाचायची खोड आमच्या धंद्यात लागतेच.)

तर हा फेअर हाउसिंग ॲक्ट 1968 सालचा. मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात तो मंजूर झाला. तेव्हा त्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश एवढंच होतं. अपंगत्व आलं 1988 च्या दुरुस्तीत. त्यानुसार घरमालकाला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, गरज असेल तिथे नियम वाकवायचे. म्हणजे पार्किंग कुणालाच राखीव नसलं तरी आजींना दारापाशी जागा द्यायची. सरकारने 2004 मध्ये काढलेल्या खुलाशात जवळपास हेच उदाहरण आहे. दोन, भाडेकरूला घरात गरजेचे बदल करू द्यायचे. खासगी घरात खर्च सहसा भाडेकरूचाच, पण मालकाला उगाच "नाही" म्हणता येत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. 13 मार्च 1991 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या, चार किंवा जास्त घरांच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सगळ्या घरांमध्ये, नसेल तर तळमजल्यावरच्या घरांमध्ये, दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद हवीत, बटणं हाताला येतील अशी हवीत, आणि बाथरूमच्या भिंती आतून मजबूत करून ठेवायच्या. का? तर पुढे कधी आधाराचा दांडा बसवायची वेळ आली तर भिंत फोडायला लागू नये! याला म्हणतात डिझाइन. आज फीचर नको असेल, पण उद्या लागणार हे धरून चाललेलं.

इथे सगळा आनंदीआनंद आहे असं मुळीच नाही. मालक स्वतः राहत असलेल्या छोट्या इमारतींना बरीच सूट आहे. 2023 मध्ये घरांबाबतच्या भेदभावाच्या जेवढ्या तक्रारी झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त अपंगत्वाच्याच होत्या. पण तक्रार करायला हातात काहीतरी आहे, हा मुद्दा.

आणि वाचता वाचता मला आमची पुण्यातली सोसायटी आठवली.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर. बाहेर न्यायचं तर वॉचमन आणि एक कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलतात. म्हणून काका फक्त दवाखान्यात जायलाच खाली येतात. त्यांनी सोसायटीला अर्ज दिला: रॅम्प बांधू द्या, खर्च माझा.

हिशेब सोपा आहे. सहा इंचाची एक, अशा तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. तेवढ्यात सहा स्कूटर लागतात. मीटिंगमध्ये काय काय निघालं! बिल्डिंगचा लुक जाईल, पाणी साठेल... आणि शेवटचं ब्रह्मास्त्र, "आज यांना दिलं तर उद्या सगळे मागतील." अर्ज फेटाळला.

सेक्रेटरी आमचे बाबा. मी रजेवर घरी होतो, मागच्या खुर्चीत बसून मोबाईल बघत होतो. सहापैकी एक स्कूटर आमची.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. 2016 च्या कायद्यात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे, सरकारी घरांच्या योजनांमध्ये किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना 5 टक्के आरक्षण आहे. इमारती सुगम करण्याचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाहीत, काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं. पण "शेजारी स्वतःच्या पैशाने रॅम्प बांधत असेल तर सोसायटीने आडवं येऊ नये" इतकं सरळ वाक्य त्या कायद्यात नाही. ते यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ते नसेल तर काकांचं घराबाहेर पडणं बहुमतावर ठरतं, आणि बहुमताकडे स्कूटर असतात.

"उद्या सगळे मागतील" हे मात्र शंभर टक्के खरं आहे. मागणारच! आमच्या मीटिंगमधले निम्मे लोक साठीच्या पुढचे होते.

रविवारी रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, काकांचा अर्ज परत घ्या ना मीटिंगमध्ये. आपली स्कूटर बाहेर लावू."

"अरे, एकदा ठराव झालाय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "तुझ्या आईचे गुडघे परवा फार दुखत होते. त्या तीन पायऱ्यांवर कठड्याला धरून उभी राहिली होती."

मी काहीच बोललो नाही. बाबाच म्हणाले, "बघतो. पाच जणांना तयार करावं लागेल."

असो. पुढची मीटिंग महिन्याभराने आहे. त्या पाच जणांपैकी दोघांची मुलं माझ्याबरोबर शाळेत होती. आज त्यांना फोन करायचाय.