मामाची बीटल आणि दुसरा गिअर

मंडळी, या महिन्यात कोड नाही, मोबाईल नाही. तेल. तेही इंजिनातलं.

माझ्या मामाकडे १९६७ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० ची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो हायवेवर चालवत नाही. म्हणून मे महिन्यात इंदूरहून धुळ्याच्या लग्नाला जाताना स्टिअरिंगवर मी आणि शेजारी तो. गाडी ठेवायची की विकायची, हे परत आल्यावर ठरणार होतं. घरात दुसरं कुणी तिला हात लावत नाही.

या गाडीला रेडिएटर नाही. इंजिन मागे, त्याच्या डोक्यावर पंखा. क्रँकच्या पुलीवरून पट्टा डायनॅमोला जातो आणि डायनॅमोच्याच दांड्यावर पंखा बसवलेला, क्रँकच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरणारा. उरलेली बरीचशी उष्णता अडीच लिटर तेल वाहून नेतं, आणि त्या तेलाचा छोटा कूलरही त्याच पंख्याच्या वाऱ्यात उभा. म्हणजे इंजिन स्वतःला स्वतःच वारा घालतं. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा मात्र नाही! मॉनिटरिंग नसलेला सर्व्हर मला झोपू देत नाही, तर ही कशी देईल? निघण्याआधी मी तेल मोजायच्या पट्टीच्या जागी सेन्सर घातला आणि पुढे एक छोटा डिस्प्ले चिकटवला. मामा त्याला ‘तुझा डबा’ म्हणायचा.

जाताना ठीक. येताना सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट चढायचा होता. जुनी गाडी, हळू घ्यावी, इंजिनाला त्रास नको, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ४० चा वेग धरला. इंजिनाचे फेरे मिनिटाला १९०० च्या आसपास. डबा म्हणाला १०४. मग ११०. मग ११७. मी पाय आणखी दाबला, गाडी आणखी जड झाली.

“आवाज ऐक,” मामा म्हणाला. “घोरतेय ती. दुसरा टाक.”

“अरे, फेरे ३००० वर जातील. घर्षण वाढेल, तेल अजून तापेल.”

“टाक म्हणतो ना.”

टाकला. मागून किंकाळी. पण ११८ वर आकडा थांबला, आणि दोन-तीन वळणांनंतर ११५, मग १११.

घरी येऊन कागद घेतला तेव्हा चूक दिसली. त्याच वेगाने तोच घाट चढायचा तर गिअर कुठलाही असो, चाकांना लागणारी शक्ती तेवढीच. तिसऱ्यात ती कमी स्फोटांतून काढायची, म्हणून प्रत्येक स्फोट दणकट, आणि पंखा नेमका तेव्हाच सुस्त. दुसऱ्यात तेच काम जास्त फेऱ्यांत वाटलं जातं आणि वारा दीडपट मिळतो. घर्षण वाढतं हे खरंच, पण तिथे ते स्वस्तात पडलं. सपाट हायवेवर उलटं. वेग वाढला की हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून तिथे फेऱ्यांबरोबर भारही चढतो. शंभरला तेल तापलं तर गिअर बदलून काही होत नाही, पाय उचलावा लागतो. मी भार आणि फेरे यांची गल्लत केली होती. ऑफिसात ज्युनिअरने दोन व्हेरिएबल असे मिसळले असते तर मी त्याला सुनावलं असतं.

एक जाता जाता. त्या काळच्या मॉडेलमध्ये कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवा येतो, म्हणून तो बिचारा कायम जास्त तापलेला. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर त्या जागेवरून सरकवला. आणि चालत्या गाडीत डायनॅमोचा लाल दिवा लागला तर बॅटरीची काळजी नंतर. पट्टा तुटला असेल तर पंखाही बंद, तिथल्या तिथे इंजिन थांबवायचं.

सेंधव्याला चहा झाला. विकण्याबद्दल मामाने अवाक्षर काढलं नाही. इंदूरला उतरल्यावर पुढची डिकी उघडून त्याने एक नवा पट्टा आणि २१ चा पाना माझ्या हातात दिला.

“रविवारी ये. बदलायला शिकवतो. तो डबा राहू दे हवं तर.”