निवडण्याची मजुरी धरली का?

हॉस्टेलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळ्या बिझनेसवर चर्चा चालते. त्यातलाच एक लाडका फंडा म्हणजे परदेशातलं ‘लेगो फ्लिपिंग’. एमएसची स्वप्नं बघणाऱ्यांना तर तो तोंडपाठ आहे. अमेरिका-युरोपात मुलं मोठी झाली, की आईवडील लेगोच्या विटांचे खोकेच्या खोके विकायला काढतात. ते किलोवर घ्यायचे आणि सुटे करून नगावर विकायचे. फायदाच फायदा! पण इतकं सोपं असेल तर सगळेच का करत नाहीत, हे कुणी विचारत नाही. तेच मला विचारायचंय.

एक गोष्ट आधीच मान्य करते. माल अस्सल आहे. डेन्मार्कच्या या कंपनीने आजच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला २८ जानेवारी १९५८ रोजी. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते! मशीन ड्रॉइंगमध्ये ज्या टॉलरन्सच्या नावाने आपण रडतो, तो त्यांनी साठपेक्षा जास्त वर्षं सांभाळलाय. म्हणूनच वापरलेली वीट भंगार ठरत नाही. गिऱ्हाईकही आहे. ब्रिकलिंक नावाचा ऑनलाइन बाजार २००० साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीने तो विकत घेतला. ज्याच्या जुन्या सेटमधला एकच तुकडा हरवलाय, तो तिथे येतो आणि त्या तुकड्याचे चांगले पैसे मोजतो.

आता भावाचं बघू. नेदरलँड्सच्या जाक मॅथेय या प्रोग्रामरने २०१७ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. मिसळलेला माल किलोला साधारण १० युरो, पूर्ण सेट साधारण ४० युरो, आणि दुर्मिळ तुकडे शेकड्यांत. दहाचे चाळीस! गडी खूश झाला, ईबेवर भरपूर बोली लावून झोपला आणि सकाळी उठून बघतो तर जवळजवळ सगळ्या बोली त्यालाच लागलेल्या. दोन टन लेगो दारात! मग कळलं की दहा आणि चाळीस यांच्या मधे एक डोंगर आहे. तो डोंगर निवडण्याचा.

गणित आपणच करू. समजा दहा किलोत सहा हजार तुकडे आहेत. एक तुकडा उचलायचा, ओळखायचा, योग्य डब्यात टाकायचा, याला दहा सेकंद धरा. झाले साठ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा तास. आणि ही फक्त पहिली फेरी! धुणं, वाळवणं, मोजणं, फोटो, पॅकिंग, पोस्ट हे सगळं वेगळंच. शिवाय नकली विटा बाजूला काढायच्या, म्हणजे प्रत्येक गुंडीवर कंपनीचं नाव आहे का ते बघायचं. उन्हाने पिवळ्या पडलेल्या वेगळ्या. काही वर्षांतल्या तपकिरी विटा ठिसूळ असतात, त्या हातातच तुटतात. २००४ च्या सुमारास कंपनीने करड्या रंगाची छटाच बदलली, तेव्हा जुना करडा आणि नवा करडा एकत्र चालत नाही. हे सगळं ओळखायला नजर लागते, आणि नजर काही किलोवर मिळत नाही.

मॅथेयने शेवटी मशीनच बांधलं. पट्ट्यावरून तुकडे पुढे सरकतात, कॅमेरा बघतो, न्यूरल नेटवर्क ओळखतं आणि हवेचा झोत तुकडा योग्य डब्यात उडवतो. आपल्याला प्रोजेक्टसाठी मस्त आयडिया! पण या मशीनचा खरा अर्थ काय? जे काम टाळायला माणूस एवढा खटाटोप करतो, ते काम फुकटचं नव्हतं.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, पण ‘निवडणे’ हा शब्द मला फार आवडतो. तांदूळ निवडतात, भाजी निवडतात. घरोघरी आई-आजी हे काम करतात आणि त्याचा हिशोब कुठेच लिहिला जात नाही. आपला रद्दीवालाही हेच करतो. वर्षाच्या शेवटी जर्नल, पुठ्ठे, बाटल्या, वायर सगळं एकत्र नेतो आणि नंतर वेगळं करतो. धारावीत प्लास्टिक प्रकारानुसार, रंगानुसार हातानेच निवडलं जातं. तिकडे तेच काम केलं की आपण ‘स्मार्ट बिझनेस’ म्हणतो, आणि इकडे रद्दीवाल्याशी किलोमागे एका रुपयासाठी भांडतो. हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, “अगं, टीव्ही बघताबघता विटा निवडायच्या, टाइमपास होतो.” जरूर निवडा. मग त्याला छंद म्हणा, नफा म्हणू नका. नफा म्हणायचं असेल तर वहीत खरेदी आणि विक्रीच्या मधे एक तिसरा रकाना आखा, स्वतःच्या तासांचा. त्या तासांना मेसच्या पोऱ्याला मिळते तेवढी तरी मजुरी लावा आणि मग काय उरतं ते बघा. उरलं तर धंदा खरा, आणि मी पहिली टाळी वाजवीन. नाही उरलं, तर आपण विटा विकत नव्हतो, आपला वेळ स्वस्तात विकत होतो. तो हिशोब आधी करा, बोली नंतर लावा!