पगारातले दोनशे रुपये

माझा थोरला भाऊ चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या पगाराची पावती मी सहज हातात घेतली. कपातीच्या रकान्यात 'पी. टी. 200' असे होते. हे काय, म्हणून विचारले तर म्हणाला, "सगळ्यांचेच कापतात. फेब्रुवारीत तर तीनशे." शेजारी आजी तांदूळ निवडत होती. या दोनशे रुपयांचा आणि आजीचा जुना संबंध आहे हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. मला ते पुढे ग्रंथालयात कळले.

1972 च्या दुष्काळात आजीने सुकडी खाऊन खडी फोडली. पुढे लग्न झाल्यावर गावच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहिल्या. त्याच तलावाखालच्या विहिरींना आजही उन्हाळ्यात थोडेफार पाणी टिकते. रोजगार हमीची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारभत्ता, मग तो दिवसाला एक रुपया का असेना. मायबाप सरकारने मजुराला हक्क लिहून दिला, तो असा.

पण हक्काला पैसा लागतो. त्यासाठी 1975 सालीच व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचे, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि तो निधी गावातल्या कामावर खर्च करायचा. भावाच्या पावतीवरचा 'पी. टी.' तो हाच. आजीला हे समजावून सांगितले तर ती म्हणाली, "म्हंजी माझ्या पाट्यांचं आता ह्यो फेडतोय व्हय?"

अर्थशास्त्राच्या तासाला मी हा विषय काढला. सरांचे म्हणणे असे की करावर अशी चिठ्ठी चिकटवू नये. सगळा पैसा एका तिजोरीत यावा आणि कशाची निकड मोठी ते विधिमंडळाने ठरवावे. शिवाय हा करही आधी राज्याच्या एकत्रित निधीतच जमा होतो, मग तरतूद करून रोजगार हमी निधीकडे वळवला जातो. तेव्हा वेगळेपण ते हिशेबाच्या वहीतले. सरांचा आदर राखून मला वाटते की वहीतले असले तरी ते मोलाचे आहे. पाऊसपाणी बरे झाले की कामावर माणसे कमी येतात, कर मात्र दरमहा येतच राहतो. त्या वर्षीची शिल्लक कुणाची? नाव असलेल्या पैशाबद्दल हा प्रश्न विचारता तरी येतो. बिननावाचा पैसा कुठल्या खात्यात मुरला हे शोधायचे कुणी आणि कसे?

2005 च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला शंभर दिवसांच्या अकुशल कामाची मजुरी दिल्लीने उचलली. राज्यावरचा भार हलका झाला ही चांगलीच गोष्ट. पण व्यवसाय कर थांबला नाही. थांबावा असेही मी म्हणत नाही. 1990 मध्ये याच योजनेला फळबागा जोडल्या गेल्या आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, काजू, बोर उभे राहिले. असे आणखी खूप काही करता येईल.

माझी तक्रार साधी आहे. देणाऱ्याला कशासाठी देतो ते माहीत नाही, घेणाऱ्याला कुणाचे घेतो ते माहीत नाही, आणि दोघांच्या मध्ये बसलेले खाते दोघांनाही काही सांगायला बांधलेले नाही. पावतीवर 'पी. टी.' या दोन अक्षरांऐवजी 'रोजगार हमीसाठी' असे छापायला किती शाई लागेल? आणि वर्षाअखेर किती कर जमा झाला, सरकारने किती भर घातली, किती खर्च झाला आणि किती उरला, हे चार आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला आमच्या गावात खडू मिळतो.