पाने साठ भरली, म्हणून दफ्तर अस्सल ठरते काय?

१/७
शिरवळ म्हटले की आपणांस १६४८ चा सुभानमंगळचा संग्राम आणि कावजी मल्हार आठवतात. ते योग्यच. परंतु याच गावी क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि त्या विद्येला इतिहास असतो हेच आपण विसरतो. हा थ्रेड त्या विस्मरणाविरुद्ध.

२/७
१९६४. स्वीडनमध्ये गुस्तावसन आणि रॉकबॉर्न यांना काही गुरांत ६० ऐवजी ५९ गुणसूत्रे आढळली; दोन गुणसूत्रे एकमेकांस जोडली गेली होती. असे जनावर दिसते धडधाकट; मात्र त्याचे काही गर्भ आरंभीच मरतात.

३/७
“वळू देखणा, वंशावळ चोख, तपासणी कशाला?” कारण कृत्रिम रेतनामुळे एकाच वळूचे बीज हजारो गोठ्यांत पोहोचते. गाय पुन्हा पुन्हा उलटते आणि दोष येतो गायीवर, वैरणीवर, शेतकऱ्याच्या नशिबावर.

४/७
“गुणसूत्रे मोजली, ६० भरली” हेही उत्तर अपुरे. दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली तरी संख्या ६० च राहते. त्यात गाईची लिंगसूत्रे वगळता २९ जोड्या एकाच घडणीच्या. फरक मुख्यतः लांबीचा. पाने मोजून आपण कधी दफ्तर अस्सल ठरवतो काय?

५/७
१९६९ मध्ये गॉल आणि पार्डू यांनी किरणोत्सारी डीएनए वापरून पेशीतील विशिष्ट क्रमाची जागा दाखवली. १९८० च्या दशकात किरणोत्साराची जागा चमकत्या रंगांनी घेतली. हेच ‘फिश’ तंत्र. काचपट्टीवरील डीएनएचे दोन पदर उष्णतेने विलग करतात. रंगीत प्रोब आपल्या जोडीच्या क्रमालाच चिकटतो. एका गुणसूत्रास लाल, दुसऱ्यास हिरवा रंग द्यावा. लाल काडीच्या टोकाला हिरवा तुकडा दिसला, की चोरी उघड.

६/७
“खर्च परवडणार नाही” हा आक्षेप अर्धाच खरा. प्रोब विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो; म्हणून आधी साधी गुणसूत्र-तपासणी, मग संशयास्पद वळवांपुरते फिश. प्रत्येक गाय तपासा असे कोणी म्हणत नाही. ज्याचे बीज गावोगाव जाणार, तो वळू तपासा.

७/७
मोडी कागद हाती आला की आपण शिक्का, अक्षर, शाई पाहतो. केवळ सांगीव कीर्तीवर विसंबत नाही. मग खिलार वळवाच्या बाबतीत शिंगांची कमान आणि मालकाचा शब्द एवढ्यावरच समाधान का मानावे? पेशीतील दस्तऐवजही त्याच कठोरपणे वाचा. तो चुकीचा वाचला गेला, तर किंमत संशोधक नव्हे, दोन गाई असलेला शेतकरी मोजतो.