विमान छोटं असलं तरी बिजागरी पक्की हवी

दाराची बिजागरी कुरकुरली तर दोन थेंब तेल घालून भागतं. निखळलीच तर सुतार येईपर्यंत दार भिंतीला टेकवून ठेवता येतं. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाला मात्र हवेत अशी सवलत नसते.

या विमानाला तीन प्रकारचे हलते भाग असतात. पंखांच्या मागच्या कडेला एलेरॉन, आडव्या शेपटीला एलिव्हेटर आणि उभ्या शेपटीला रडर. एलेरॉन विमानाला डावी-उजवीकडे कलवतं, एलिव्हेटर नाक वर-खाली करतं, रडर नाक बाजूला वळवतं. त्यांना हलवते सर्वो मोटर, पण धरून ठेवते ती बिजागरी.

ती सुटली तर काय होईल, याचा हिशोब घरातल्या मुलांसोबत करून पाहा. २ किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर त्यात ४०० ज्यूल ऊर्जा असते. तेच २ किलो वजन सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडलं, तर जमिनीवर तेवढ्याच ऊर्जेने आदळेल. मैदानाच्या कडेला माणसं बसलेली असतात, हे लक्षात ठेवून बिजागरी निवडायची.

चांगली बिजागरी अडखळत नाही, बाजूला सरकत नाही आणि ओढली तरी बाहेर येत नाही. बाजारात आणि घरी मुख्यतः चार प्रकार वापरले जातात.

चिकटपट्टीची बिजागरी : हलक्या, सपाट फोमच्या विमानांसाठी. हलत्या भागाची कड तिरकी कापायची, जागा पुसून कोरडी करायची आणि मग पट्टी लावायची. उन्हाने आणि धुळीने गोंद सुटतो, म्हणून पट्टी वरचेवर बदलावी लागते.

फोमचीच बिजागरी : तयार फोम विमानांत बहुधा फोमच दाबून पातळ केलेला असतो. तो वाकून वाकून थकतो आणि बऱ्याचदा टोकांकडून चिरत जातो. चीर दिसली की वेगळी पातळ बिजागरी बसवा. गोंद ‘फोमला चालणारा’ असाच घ्या. साधा झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलसारखा फोम विरघळवतो.

कापडी पट्टीची बिजागरी : हिला ‘सीए हिंज’ म्हणतात. बाल्सा लाकडाच्या लहान आणि मध्यम विमानांसाठी ती सोयीची. खाचेत पट्टी अर्धी इकडे, अर्धी तिकडे सरकवायची आणि दोन्ही बाजूंनी पातळ सीए गोंदाचे थोडे थोडे थेंब सोडायचे. गोंद पट्टीतून आत शोषला जाऊन लाकडात मुरायला हवा. म्हणूनच इथे जाड गोंद चालत नाही आणि गोंद झटकन सुकवणारा फवारा तर मुळीच नको, कारण गोंद वरच सुकतो आणि आत कोरडंच राहतं. खाचेच्या मधोमध आधी एक बारीक भोक पाडलं, तर गोंद खोलवर पोचतो.

पिनेची नायलॉन बिजागरी : मोठ्या, जड किंवा वेगवान विमानांसाठी. हिला सावकाश सुकणारा, दोन नळ्यांचा इपॉक्सी लावतात. त्याआधी मधल्या सांध्याला थोडी पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे गोंद आत शिरून सांधा जाम होणार नाही. पात्यातून आरपार दातकोरणीचा तुकडा गोंदासह बसवला, तर पकड आणखी वाढते. याच जातीची गोल दांड्याची बिजागरी खाचेऐवजी भोकात बसते. मोठ्या विमानांत तीही वापरतात.

प्रकार कोणताही असो, काही गोष्टी सारख्याच. एका भागाला निदान तीन बिजागऱ्या द्या, म्हणजे एक सुटली तरी बाकीच्या विमान खाली आणू शकतील. सर्वोची तार जिथे जोडली जाते, तिच्याजवळ एक बिजागरी हवीच, कारण ओढ तिथे जास्त असते. सगळ्या एका सरळ रेषेत हव्यात. एखादी वाकडी बसली, तर सर्वोवर विनाकारण ताण येतो. मधली फट शक्य तितकी कमी ठेवा, पण भाग दोन्ही बाजूंना पूर्ण वळायला हवा.

ढिलेपणाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे फडफड. बिजागरी किंवा सर्वोची जोडणी सैल असेल, तर वेग वाढला की तो भाग जोराने थरथरू लागतो आणि काही क्षणांत उखडू शकतो. उडताना अचानक घरघर ऐकू आली, तर लगेच वेग कमी करा, अलगद उतरवा आणि दोष सापडेपर्यंत पुन्हा उडवू नका.

गोंद सुकल्यावर प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहायची. थोडी दया येईल, पण ओढाच. जी बोटांच्या ओढीने सुटते, ती हवेत टिकणार नव्हतीच. हीच तपासणी रोज पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक आदळआपटीनंतर करा. मुलं हे काम आवडीने करतात. त्यांना एक-एक भाग वाटून द्या. सीए गोंद मात्र मोठ्यांनीच हाताळावा, खिडकी उघडी ठेवून आणि डोळ्यांना चष्मा लावून. तो कातडी क्षणात चिकटवतो.

मोटर, बॅटरी आणि रिमोटच्या खर्चापुढे बिजागऱ्यांचं पाकीट अगदी स्वस्त असतं. काटकसर करायचीच असेल, तर रंगात आणि स्टिकरात करा.