सेवा-सज्जता सूचना

युनिक्ससदृश संगणक प्रणालींमध्ये पार्श्वभूमीवर चालणारी एखादी सेवा काम स्वीकारण्यास तयार झाली आहे, हे त्या सेवेने आपल्या पर्यवेक्षकाला कळवण्याच्या पद्धतीस सेवा-सज्जता सूचना असे म्हणतात. एरवी हा विषय प्रणाली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहिला असता. मात्र मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या 'एक्सझेड' चोरदरवाजा प्रकरणात घातक संकेत ज्या वाटेने एसएसएच सेवेत शिरला, ती वाट या सूचनेसाठीच तयार करण्यात आली होती. त्यामुळे एका छोट्या सोयीसाठी किती परकी सामग्री संवेदनशील कार्यक्रमात येऊ द्यावी, हा प्रश्न ऐरणीवर आला.

== सेवा आणि तिचा पर्यवेक्षक ==

संकेतस्थळे पुरवणारा सर्व्हर, टपालाची देवाणघेवाण करणारा कार्यक्रम, विदागार इत्यादी कार्यक्रम पडद्यावर न दिसता अखंड चालू असतात. युनिक्सच्या परिभाषेत त्यांना 'डीमन' म्हणतात. त्यांना सुरू करणे, बंद पडल्यास पुन्हा उभे करणे आणि त्यांचा क्रम राखणे म्हणजे सेवा-पर्यवेक्षण होय.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेला एक जनक प्रक्रिया असते. अपत्य प्रक्रिया संपली की गाभा, म्हणजे कर्नल, ती वार्ता जनकाला आपणहून देतो. जनक आधीच संपला असेल, तर अनाथ प्रक्रियेचे पालकत्व सामान्यतः पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेकडे, म्हणजे 'इनिट'कडे जाते. जुन्या डीमनांची रीत मात्र अशी होती, की सुरू होताच त्यांनी स्वतःची प्रत काढावी, मूळ प्रक्रिया संपवावी आणि जनकाशी असलेला संबंध तोडावा. परिणामी त्यांना सुरू करणाऱ्याला त्यांच्या मृत्यूची वार्ता मिळत नसे. यावर उपाय म्हणून प्रक्रियेचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवला जाई. पण प्रक्रिया मेली तरी फाइल मागे उरते, आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्याच एखाद्या प्रक्रियेला मिळू शकतो. अशा वेळी एकाला थांबवण्याचा आदेश भलत्यालाच भोवतो.

डॅनियल बर्नस्टाइन यांच्या 'डीमनटूल्स' या संचाने हा गुंता सरळ केला. सेवेने संबंध तोडूच नये, पर्यवेक्षकाचे थेट अपत्य म्हणूनच चालावे, एवढाच त्याचा नियम होता. गेरिट पापे यांचे 'रनइट' आणि लॉरां बेर्को यांचे 'एस६' हे संच याच परंपरेतले. अॅपलने २००५ मध्ये 'लाँच-डी' आणले, त्याच वर्षी सोलारिस १० मध्ये स्वतंत्र सेवा-व्यवस्था आली आणि २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनी लिनक्ससाठी 'सिस्टम-डी'ची घोषणा केली. २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टम-डी स्वीकारले. नाराज गटाने 'देवुआन' हे वेगळे वितरण काढले.

== जिवंत असणे आणि सज्ज असणे ==

सेवा मेली हे गाभा सांगू शकतो, पण सेवा सज्ज झाली हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. शाळेची घंटा झाली म्हणजे वर्ग भरला असे होत नाही, तसेच प्रक्रिया जन्मली म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. विदागाराला आपल्या नोंदी तपासायच्या असतात, सर्व्हरला किल्ल्या वाचून जाळ्यावरील दार उघडायचे असते. हे सारे कधी पुरे झाले, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

सूचनेची सोय नसताना आरंभाच्या आज्ञावलींत चक्क 'पाच सेकंद थांबा' अशा ओळी लिहिल्या जात. संगणक वेगवान असेल तर तो वेळ वाया जाई आणि संथ असेल तर पुरत नसे. कित्येक बिघाड असे, की दुसऱ्यांदा सुरू केल्यावर आपोआप नाहीसे होत आणि म्हणून त्यांचा शोधच लागत नसे.

याला उत्तर दोन प्रकारांनी देण्यात आले. एस६मध्ये पर्यवेक्षक सेवेला एक उघडी नळी देतो. सज्ज होताच सेवेने तीत नवी ओळ सुरू करणारे एक अक्षर लिहायचे, की काम झाले. सिस्टम-डीमध्ये पर्यवेक्षक एका सॉकेटचा पत्ता सेवेच्या परिसरचलात ठेवतो आणि सेवा त्या पत्त्यावर 'रेडी=१' असा लहानसा संदेश धाडते. दोन्ही रीती इतक्या सोप्या आहेत, की अनुभवी कार्यक्रमकार त्या थोडक्या ओळींत लिहू शकतो. पुढील घटनाक्रम समजून घेताना ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते.

== २०२४ चे प्रकरण ==

दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणारी ओपन-एसएसएच ही सेवा ओपन-बीएसडी प्रकल्पाची निर्मिती होय. तिच्या मूळ आवृत्तीत सिस्टम-डीला सूचना देण्याची सोय नव्हती. डेबियन, फेडोरा आदी वितरणांनी ती आपल्या पदरची ठिगळे लावून जोडली. त्यासाठी स्वतंत्र ओळी न लिहिता सिस्टम-डीची तयार लायब्ररी वापरण्यात आली. या लायब्ररीत सूचनेखेरीज इतरही बरेच काही होते. नोंदवह्या वाचण्याचे काम तिच्याकडे होते, संक्षेपित नोंदी उलगडण्यासाठी तिला एक्सझेडची 'लिब-एलझेडएमए' लागे. अशा रीतीने, संक्षेपाशी काडीचा संबंध नसलेल्या एसएसएच सेवेच्या स्मृतीत संक्षेपाची लायब्ररी येऊन बसली.

एक्सझेड हा प्रकल्प लासे कॉलिन हे मुख्यतः एकट्याने, स्वेच्छेने सांभाळत होते. 'जिया टॅन' असे नाव घेतलेल्या व्यक्तीने २०२१ पासून तेथे उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास संपादन केला आणि सहव्यवस्थापकाचे अधिकार मिळवले. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी ओळ सार्वजनिक भांडारात नव्हती. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. विशिष्ट गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला त्यामुळे परवलीचा शब्द न देताच दूरच्या संगणकावर आज्ञा चालवता आल्या असत्या.

पोस्टग्रेस विदागाराचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगमापन करताना एसएसएचचा प्रवेश सुमारे अर्ध्या सेकंदाने लांबलेला आढळला. एवढ्याशा विलंबाकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले असते. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी निष्कर्ष जाहीर केले. दोषाला तीव्रतेचे सर्वोच्च मूल्य, दहापैकी दहा, देण्यात आले. डेबियनची स्थिर आवृत्ती बाधित नव्हती. दूषित एक्सझेड चाचणीच्या आणि सतत अद्ययावत होणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचले होते. आर्च लिनक्समध्ये ते पोहोचले, पण तेथील एसएसएचला सिस्टम-डीची लायब्ररी जोडलेली नसल्याने ही वाट तेथे बंद होती.

== दोष कोणाचा ==

सिस्टम-डीच्या जुन्या टीकाकारांनी हे प्रकरण आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून पुढे केले. ते अर्धेच बरोबर आहे. एक्सझेडची लायब्ररी डेबियनचा संच-व्यवस्थापक 'डीपीकेजी' देखील वापरतो. प्रकल्पाची सूत्रे हाती आलेल्या हल्लेखोराला दुसरी वाट मुळीच सापडली नसती, असे म्हणता येणार नाही. शिवाय सूचनेचा मूळ करार निर्दोषच होता, आणि तो कोणत्याही लायब्ररीविना पाळता येत होता. चूक घडली ती करार आणि त्याची एक विशिष्ट अंमलबजावणी यांत फरक न केल्यामुळे. चार ओळींचे काम तयार मिळते म्हणून घेतले आणि त्यासोबत काय काय आले याची मोजदाद केली नाही, ही सवय वितरणे बांधणाऱ्यांचीही आहे आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांचीही.

तरीही सिस्टम-डीच्या बाजूला काही जबाबदारी उरतेच. एकाच लायब्ररीत सूचना आणि नोंदवही-वाचन एकत्र ठेवल्याने सूचना हवी असणाऱ्याला सारेच पदरात घ्यावे लागे. ही अडचण त्यांच्या लक्षात आलेली होती. संक्षेपाच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडाव्यात, असा बदल गौप्यस्फोटापूर्वीच स्वीकारला गेला होता, तो जून २०२४ मधील २५६ व्या आवृत्तीत आला. आपली वाट बंद होणार हे ओळखून हल्लेखोराने घाई केली असावी, असा तर्क अनेक अभ्यासकांनी मांडला. कालक्रम त्याला अनुकूल आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

== नंतरचे बदल ==

सिस्टम-डीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत लायब्ररी न वापरता सूचना कशी द्यावी याचे संपूर्ण उदाहरण देण्यात आले, आणि ते कोणालाही विनाअट उचलता येते. डेबियनने आपले ठिगळ नव्याने लिहून लायब्ररीचा संबंध तोडला. १ जुलै २०२४ रोजी निघालेल्या ओपन-एसएसएच ९.८ मध्ये मूळ प्रकल्पानेच ही सूचना स्वतःच्या ओळींत लिहिली. पूर्वी ठिगळ लावून होणारे काम आता मूळ कार्यक्रमात आहे. कॉलिन यांनी मे २०२४ च्या अखेरीस चोरदरवाजा काढून टाकलेली एक्सझेड ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.